जुना संगणक आणि दादाजानची वही

संगणक जुना झाला, की तो टाकूनच द्यावा लागतो का? त्यात साठवलेल्या मजकुराचे काय होते? रायगड जिल्ह्यातील किहीम गावच्या एका घरात २०२५ साली हे प्रश्न उभे राहिले. त्या घरातील माणसांनी घाई न करता ते कसे सोडवले, याची हकिकत या पाठात एका विद्यार्थिनीने सांगितली आहे. कार्यप्रणाली म्हणजे काय, ती का बदलावी लागते आणि बदलताना कोणती खबरदारी घ्यावी, हेही या पाठातून समजते.

आमचे घर किहीमला आहे. अलिबाग तालुक्यातील हे समुद्रकाठचे गाव. मुंबईहून लाँचने मांडव्याला उतरायचे आणि अलिबागच्या रस्त्याला लागायचे. वाटेत चोंढीचा नाका लागतो. तेथून किहीमचा रस्ता फुटतो. गावात नारळी-सुपारीच्या वाड्या आहेत आणि किनाऱ्यावर सुरूची झाडे आहेत. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे येतात. अब्बांनी घराशेजारच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत.

आमच्या ओटीवर एका कोपऱ्यात संगणक आहे. तो दादाजाननी २०१४ साली घेतला. दादाजान उर्दू शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी वाडीतल्या पक्ष्यांची वही लिहायला घेतली. कोणता पक्षी कधी आला, घरटे कोणत्या झाडावर बांधले, पिल्ले कधी उडाली, हे सर्व ते रोज लिहून ठेवत. पुढे हीच वही ते संगणकावर उर्दूत टाइप करू लागले. एका बोटाने, सावकाश, पण एकही दिवस न चुकता!

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले. आमच्या घराची कौले उडाली आणि दादाजानच्या कागदी वह्या भिजून त्यांचा लगदा झाला. संगणक तेवढा प्लॅस्टिकच्या कापडाखाली झाकलेला होता, म्हणून वाचला. तेव्हापासून दादाजानची वही फक्त त्या संगणकात उरली. २०२४ साली दादाजान वारले. त्यानंतर अब्बा त्या संगणकावर पाहुण्यांचा हिशेब ठेवू लागले.

२०२५ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. एका सकाळी अब्बांनी संगणक सुरू केला, तर पडद्यावर एक सूचना आली. ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीला १४ ऑक्टोबर २०२५ पासून कंपनीकडून सुधारणा मिळणे बंद झाले आहे, असा तिचा अर्थ होता. अब्बा संगणक घेऊन एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने तो उघडूनही पाहिला नाही. तो म्हणाला, “अकरा वर्षांचा डबा आहे हा. भंगारात द्या आणि नवा घ्या.”

अब्बा घरी आले आणि म्हणाले, “नवा घ्यायचा, तर या हंगामाची निम्मी कमाई जाईल.”

दादी आतून बाहेर आल्या. त्यांनी एवढेच विचारले, “आणि यांची वही? तीही भंगारात जाणार का?”

कोणीच काही बोलले नाही.

संध्याकाळी आपा आली. आपा माझी चुलत बहीण. ती संगणकशास्त्र शिकते. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “चाचा, आज काहीच करायचे नाही. आधी रोग समजून घेऊ, मग औषध ठरवू.”

मी विचारले, “आपा, कार्यप्रणाली म्हणजे नेमके काय?”

आपा म्हणाली, “तू मांडव्याचा धक्का पाहिला आहेस ना? तेथे लाँच येतात, प्रवासी चढतात, उतरतात, सामान हलते. कोणती लाँच कधी लागेल, कोणी कोठे उभे राहायचे, हे सांगणारा कोणी नसेल, तर काय होईल?”

“गोंधळ होईल.”

“संगणकातही तसेच आहे. आत प्रोसेसर आहे, स्मृती आहे, चकती आहे, बाहेर कळफलक आणि छपाईयंत्र आहे. या सगळ्यांना कामे वाटून देणारी जी आज्ञावली असते, तिला कार्यप्रणाली म्हणतात. इंग्रजीत तिलाच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ती नसेल, तर संगणक म्हणजे नुसता पत्र्याचा डबा!”

“पण ती तर चालू आहे. मग बदलायची कशाला?”

“कारण ती माणसांनी लिहिलेली आहे,” आपा म्हणाली. “माणसाच्या कामात चुका राहतात. घराच्या भिंतीत एखादी फट राहावी, तशा या आज्ञावलीत फटी राहतात. कोणाला फट सापडली, की कंपनी ती बुजवते आणि बुजवण्याचे साहित्य सर्वांना पाठवते. त्यालाच आपण ‘अपडेट’ म्हणतो. काही वर्षांनी कंपनी नवी आवृत्ती काढते आणि जुनीकडे लक्ष देणे बंद करते. ‘विंडोज एक्सपी’ २००१ साली आली. तिच्या सुधारणा ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या. ‘विंडोज ७’ च्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या. आता ‘विंडोज १०’ ची पाळी आली. संगणक आज बंद पडणार नाही. पण यापुढे नवी फट सापडली, तर ती बुजवणारा कोणी नाही.”

अब्बा हसून म्हणाले, “आमच्यासारख्या लहान माणसाच्या संगणकात चोराला काय मिळणार?”

आपाने त्यांना २०१७ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. तो संगणकातील मजकुराला जणू कुलूप लावत असे आणि ते उघडण्यासाठी पैसे मागत असे. दीडशेहून अधिक देशांतील संगणक त्याच्या तावडीत सापडले. इंग्लंडमधील रुग्णालयांचे काम अडले. नवलाची गोष्ट ही, की ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारी सुधारणा मार्च महिन्यातच निघाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती किंवा ज्यांची कार्यप्रणाली फार जुनी होती, त्यांचे नुकसान झाले.

“आणि पुढची गोष्ट तर आपल्या रायगड जिल्ह्यातली आहे,” आपा म्हणाली. “त्याच वर्षी जूनच्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा प्रोग्रॅम आला. त्याने जी फट वापरली, तीही तीच होती. शिवाय चोरलेल्या सांकेतिक शब्दांच्या मदतीने तो एका संगणकातून दुसऱ्यात जात होता. त्याची सुरुवात युक्रेन देशात झाली. पण न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामही त्यामुळे ठप्प झाले. संगणक बंद पडल्यामुळे माणसांना हाताने नोंदी करून कंटेनर हलवावे लागले. कोठे युक्रेन आणि कोठे न्हावा-शेवा! असा प्रोग्रॅम लहान-मोठा पाहत नाही. उघडी फट दिसली, की आत शिरतो.”

अब्बा गंभीर झाले. ते म्हणाले, “पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या नकला याच संगणकात आहेत.”

“म्हणूनच सांगते,” आपा म्हणाली. “आपले नुकसान झाले, तर आपण सोसू. पण दुसऱ्यांनी विश्वासाने दिलेले कागद आपल्याकडे आहेत. ते सांभाळणे आपली जबाबदारी आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आपाने एक कोरा कागद घेतला आणि मला संगणकाची माहिती लिहायला सांगितली. स्मृती चार जीबी, चकती पाचशे जीबी, प्रोसेसर २०१४ सालचा. मग तिने ‘विंडोज ११’ च्या अटी सांगितल्या. ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिला किमान चार जीबी स्मृती आणि चौसष्ट जीबी साठवण लागते. या दोन अटी आमचा संगणक पुऱ्या करत होता. पण तिला ठरावीक यादीतला अलीकडचा प्रोसेसर लागतो. शिवाय ‘टीपीएम २.०’ नावाची सोय लागते. गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणारी ही एक लहानशी चिप असते. या दोन अटींत आमचा संगणक नापास झाला.

मी विचारले, “अटी चुकवून ‘विंडोज ११’ बसवता येणार नाही का?”

“काही लोक तसे करतात. पण कंपनी स्वतःच सांगते, की असे करू नका. कारण अशा संगणकाला पुढे सुधारणा मिळतीलच, याची हमी नाही. सुधारणा मिळाव्यात म्हणून तर आपण हा खटाटोप करत आहोत. मग जिथे हमी नाही, तिथे जायचे कशाला?”

मग तिने कागदावर चार मार्ग लिहिले. पहिला मार्ग, संगणक इंटरनेटला न जोडता आहे तसा वापरणे. दुसरा, कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वर्षभराची वाढीव मुदत जाहीर केली होती, ती घेणे. तिसरा, नवा संगणक विकत घेणे. चौथा, याच संगणकावर दुसरी कार्यप्रणाली बसवणे.

अब्बांना पाहुण्यांचे निरोप इंटरनेटवरच येतात, म्हणून पहिला मार्ग सुटला. दुसऱ्या मार्गाने प्रश्न फक्त वर्षभर पुढे गेला असता. तिसऱ्या मार्गाला पैसे नव्हते. उरला चौथा.

“दुसरी कार्यप्रणाली म्हणजे कोणती?” अब्बांनी विचारले.

“लिनक्स,” आपा म्हणाली. “१९९१ साली फिनलंडमधील लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहायला सुरुवात केली. त्याने ती सर्वांसाठी खुली ठेवली. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी तिच्यात भर घातली. आज तिचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांतील बहुतेक विनामूल्य मिळतात. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस लिनक्स’ तयार केले आहे. केरळमधील सरकारी शाळांतली मुले अनेक वर्षांपासून लिनक्सवरच शिकतात. मी ‘लिनक्स मिंट’ निवडले आहे. ते चार जीबी स्मृतीवर नीट चालते आणि त्याच्या एका मुख्य आवृत्तीला पाच वर्षे सुधारणा मिळतात.”

“मग लगेच बसवून टाकू,” मी म्हटले.

आपाने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “वाडीतल्या सुगरणीची घरटी पाहिली आहेस का?”

विहिरीवरच्या झाडाला ती घरटी अजून लोंबत होती. पावसाळा संपला होता आणि पक्षी उडून गेले होते.

“सुगरण पक्ष्यातला नर आधी घरटे अर्धेच विणतो,” आपा म्हणाली. “मग मादी येऊन ते पाहते, आत बसून पारखते. तिला पसंत पडले, तरच नर पुढची नळी विणून घरटे पुरे करतो. पसंत पडले नाही, तर ते अर्धे घरटे तसेच राहते. ही गोष्ट जगाला कोणी सांगितली, ठाऊक आहे?”

दादी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “सालिम अलींनी. आणि आपल्या किहीममध्ये राहून!”

ते खरे आहे. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली १९३० साली किहीमला राहत होते. त्या वेळी त्यांच्याजवळ नोकरी नव्हती. पण ते स्वस्थ बसले नाहीत. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. तिचे त्यांनी तासन्‌तास निरीक्षण केले. एक नर एकामागून एक घरटी बांधतो आणि एकाहून अधिक माद्यांबरोबर संसार मांडतो, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९७६ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. दादाजान त्यांना फार मानत. त्यांची वही सुरू झाली, ती त्याच आदरातून.

आपा म्हणाली, “आपणही सुगरणीसारखे करू. आधी पारखू, मग पुरे करू. पण त्याच्याही आधी एक काम आहे. सर्व मजकुराची नक्कल करायची. एक नव्हे, दोन.”

दुपारी आपाने संगणकाला बाहेरची चकती जोडली आणि नक्कल करायला सुरुवात केली. हिशेब झाले, फोटो झाले. दादाजानच्या वहीची पाळी आली आणि अचानक वीज गेली! माझ्या काळजात धस्स झाले. आपाने शेजारच्या घरातून यूपीएस मागून आणला. ही बॅटरी वीज गेल्यावरही संगणक काही मिनिटे चालू ठेवते. वीज आल्यावर नक्कल पुन्हा सुरू झाली. आता जुनी चकती ‘टक्‌, टक्‌’ असा आवाज करू लागली. तीन वर्षांच्या नोंदी उघडेनात.

“अकरा वर्षे समुद्राची खारी, दमट हवा खाल्ली आहे हिने,” आपा हळूच म्हणाली. “चकती थकली आहे. तिला विश्रांती देऊ.”

तिने संगणक बंद केला. आम्ही तासभर थांबलो. दादी काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या हातातली तसबीह थांबली नव्हती. नंतर आपाने एकेक फाइल वेगळी घेऊन नक्कल केली. दोनदा चूक दाखवली गेली. तिसऱ्या वेळी शेवटची फाइल उतरली आणि सर्वांचा जीव भांड्यात पडला.

आपा म्हणाली, “चाचा, आपण आधी नक्कल न करता नवी कार्यप्रणाली बसवायला घेतली असती, तर आज ही वही गेली असती.”

पण वही मिळाली म्हणजे काम संपले असे नव्हते. दादाजाननी ती ‘इनपेज’ या प्रोग्रॅममध्ये लिहिली होती. १९९४ साली निघालेल्या या भारतीय प्रोग्रॅममुळे संगणकावर सुंदर नस्तालीक लिपीत उर्दू छापणे सोपे झाले. उर्दूची असंख्य पुस्तके आणि वर्तमानपत्रे त्यावर तयार झाली. मात्र त्याच्या जुन्या फाइली इतर प्रोग्रॅमना वाचता येत नाहीत. अब्बांच्या हिशेबातही तीच अडचण होती. त्यांनी मराठी नावे जुन्या पद्धतीच्या टंकात लिहिली होती. तो टंक नसेल, तर ‘नारळ’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे.

“असे का होते?” मी विचारले.

“संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त आकडे कळतात,” आपा म्हणाली. “पूर्वी प्रत्येक टंक बनवणारा आपल्या मर्जीने अक्षरांना आकडे देत असे. एकाचा ‘क’ म्हणजे दुसऱ्याचा ‘म’! म्हणून १९९१ साली ‘युनिकोड’ नावाची सर्वमान्य पद्धत जाहीर झाली. तिच्यात जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक आहे. मराठी असो वा उर्दू, युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोणत्याही नव्या संगणकावर वाचता येतो.”

इनपेजच्या नंतरच्या आवृत्त्यांत युनिकोडची सोय आहे. आपाने तिच्या महाविद्यालयातील संगणकावर दादाजानच्या सर्व फाइली युनिकोडमध्ये बदलून आणल्या. मग तीन दिवस मी आणि दादी तो मजकूर तपासत होतो. मी वाचत असे आणि दादी ऐकत असत. आम्ही डोळ्यांत तेल घालून प्रत्येक पान पाहिले. काही ठिकाणी अक्षरे बदलली होती, ती नीट केली. एका ठिकाणी दादी म्हणाल्या, “थांब. येथे ‘कोतवाल’ हवे. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच उभी होते.”

आता पारखण्याची वेळ आली. आपाने एका पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट आणले होते. ते पेनड्राइव्हवरूनच तात्पुरते चालवून पाहता येते. त्या वेळी संगणकातील जुन्या मजकुराला धक्का लागत नाही. आम्ही यादी केली. इंटरनेट चालते का? आवाज येतो का? मराठी कळफलक आहे का? उर्दू उजवीकडून डावीकडे नीट उमटते का? छपाई होते का? छपाईयंत्र सोडून सर्व काही चालले. छपाईयंत्रासाठी एक लहान प्रोग्रॅम शोधावा लागला. मग तेही चालले.

शेवटी आपाने संगणकातील थकलेली चकती काढली आणि तिच्या जागी नवी एसएसडी बसवली. हिच्यात फिरणारा भाग नसतो, त्यामुळे ती फार वेगाने काम करते. संपूर्ण नव्या संगणकाच्या मानाने तिचा खर्च थोडा होता. नवी कार्यप्रणाली नव्या चकतीवर बसली. जुनी चकती आपाने पुसली नाही. कापडात गुंडाळून तिने ती दादींच्या कपाटात ठेवली. “काही बिघडलेच, तर परतीचा रस्ता असावा,” ती म्हणाली.

जो संगणक सुरू व्हायला पूर्वी चार-पाच मिनिटे लागत, तो आता अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागला. अर्थात सगळेच सोपे झाले नाही. अब्बांना हिशेबाचा नवा प्रोग्रॅम शिकायला आठवडा लागला. नेहमीची खूण नेहमीच्या जागी नाही, म्हणून ते दोनदा रागावलेही. बदल म्हटला, की थोडी अडचण सोसावीच लागते.

त्या दुकानदाराचे म्हणणे अगदीच चूक होते असे नाही. कधी ना कधी प्रत्येक यंत्र थकते. तेव्हा ते रस्त्याकडेला न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे ६२ अब्ज किलो ई-कचरा तयार झाला आणि त्यातील पाव भागही रीतसर गोळा झाल्याची नोंद नाही. म्हणूनच जे यंत्र आणखी पाच वर्षे चालू शकते, त्याला वेळेआधी भंगारात काढू नये.

पण या सुट्टीत मी जे शिकले, ते याहून साधे आहे. यंत्र पुन्हा विकत घेता येते. माणसाने लिहिलेले अक्षर पुन्हा मिळत नाही. म्हणून यंत्राची काळजी घ्यावी, पण अक्षराची अधिक घ्यावी.

आता दादाजानच्या वहीची एक नक्कल आमच्या घरी आहे, एक आपाकडे आहे आणि एक छापलेली प्रत दादींच्या उशाशी आहे. त्या वहीतली शेवटची नोंद २०२४ सालची होती. सुट्टी संपण्याच्या आदल्या दिवशी मी संगणक सुरू केला आणि तिच्याखाली नवी तारीख घातली. मग लिहिले : ‘विहिरीवरच्या झाडावर सुगरणीची सात घरटी. त्यांपैकी दोन अर्धीच विणलेली.’

दादींनी ते वाचून घेतले आणि म्हणाल्या, “उद्याही लिही.”

शब्दार्थ

हकिकत – घडलेली गोष्ट
ओटी – घराचा पुढचा, बसण्याचा भाग
लगदा – भिजून झालेला गोळा
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांची मालिका, प्रोग्रॅम
आवृत्ती – सुधारून पुन्हा काढलेले रूप
फट – लहान भेग, चीर
ठप्प होणे – पूर्ण बंद पडणे
नक्कल – हुबेहूब प्रत
खटाटोप – मोठी धडपड
सुगरण – घरटे विणणारा एक पक्षी, बया
तसबीह – जपमाळ
टंक – छापील अक्षरांचा नमुना, फाँट
रीतसर – नियमाप्रमाणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दादाजानच्या कागदी वह्या कशामुळे नष्ट झाल्या?
(आ) दादींनी अब्बांना कोणता प्रश्न विचारला?
(इ) ‘विंडोज ११’ च्या कोणत्या दोन अटींत जुना संगणक नापास झाला?
(ई) लिनक्सचा गाभा लिहायला कोणी व केव्हा सुरुवात केली?
(उ) डॉ. सालिम अलींनी किहीमला कोणत्या पक्ष्याचे निरीक्षण केले?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आपाने कार्यप्रणालीची तुलना मांडव्याच्या धक्क्याशी का केली?
(आ) न्हावा-शेवा बंदरात २०१७ साली काय घडले?
(इ) युनिकोड पद्धतीची गरज का पडली?
(ई) आपाने जुनी चकती पुसून का टाकली नाही?

३. कारणे लिहा.
(अ) अब्बांनी पहिला मार्ग सोडून दिला.
(आ) नक्कल झाल्यावर सर्वांचा जीव भांड्यात पडला.
(इ) दादी आणि मुलगी तीन दिवस मजकूर तपासत होत्या.

४. घटना योग्य क्रमाने लिहा.
(अ) नवी कार्यप्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहिली.
(आ) संगणकाची माहिती कागदावर लिहिली.
(इ) नवी चकती बसवली.
(ई) सर्व मजकुराची नक्कल केली.
(उ) वहीच्या फाइली युनिकोडमध्ये बदलल्या.

५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
काळजात धस्स होणे, जीव भांड्यात पडणे, डोळ्यांत तेल घालून पाहणे, स्वस्थ न बसणे.

६. पुढील शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. उर्दूत ते कसे लिहितात व उच्चारतात ते सांगा. कोणत्या शब्दाच्या अर्थात थोडा फरक पडतो, यावर वर्गात चर्चा करा.
हिशेब, तारीख, नक्कल, मुदत, जाहीर, खबरदारी, हकिकत, दुकान.

७. वचन बदला.
वही, घरटे, फट, चकती, पक्षी, झाड.

८. पुढील वाक्ये कंसातील सूचनेप्रमाणे बदला.
(अ) आपा संगणक बंद करते. (भूतकाळ करा.)
(आ) दादाजान रोज लिहीत असत. (भविष्यकाळ करा.)
(इ) बदल सोपा नव्हता. (अर्थ न बदलता होकारार्थी करा.)

९. उपक्रम
(अ) तुमच्या घरातील किंवा शाळेतील एका संगणकाची माहिती मिळवा. त्याची स्मृती किती, साठवण किती, कार्यप्रणाली कोणती आणि तिला सुधारणा कधीपर्यंत मिळतील, हे वहीत लिहा.
(आ) घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने लिहून ठेवलेले पत्र, हिशेब किंवा आठवण शोधा. त्याची नक्कल करून दोन ठिकाणी जपून ठेवा. ते कोणी, केव्हा आणि का लिहिले, याविषयी आठ-दहा ओळी मराठीत लिहा.